दहा नाणी आणि सावत्र आई

(अभ्यासवर्गातील व्याख्यानाचा मजकूर)



परीकथांतील दुष्ट पात्रे हा विषय पक्षाच्या अभ्यासवर्गात कशासाठी, असा प्रश्न कोणाच्याही मनात येणे स्वाभाविक आहे. भाववाढ, बेकारी, शेतमजुरांची मजुरी हे विषय बाजूला ठेवून चेटकिणी आणि राजकन्या यांच्याकडे वळण्याची चैन कार्यकर्त्यांना परवडणारी नाही. परंतु लहान मुलाला दुःख कोण देते, ह्या प्रश्नाचे पहिले उत्तर समाज त्याला गोष्टीतूनच देत असतो. हे उत्तर कोणी, केव्हा आणि कोणकोणते फेरफार करून ठरविले, ह्याचा इतिहास छापील आवृत्त्यांतून पुष्कळसा उपलब्ध आहे, आणि अर्थशास्त्राच्या विद्यार्थ्याने तो आवर्जून वाचावा असा आहे.

शार्ल पेरो ह्या फ्रेंच लेखकाचा गद्य परीकथांचा संग्रह १६९७ साली पॅरिस येथे प्रसिद्ध झाला. सिंड्रेला, झोपी गेलेली राजकन्या, लाल टोपीवाली मुलगी ह्या कथा त्यात आहेत. त्यांच्याच शेजारी अंगठ्याएवढ्या मुलाची कथा आहे. एक लाकूडतोड्या, त्याची बायको आणि सात मुलगे. थोरला दहा वर्षांचा, धाकटा सात वर्षांचा. दुष्काळाचे वर्ष येते आणि घरातले अन्न संपते. एका रात्री मुले निजल्यावर बाप बायकोला सांगतो की, मुलांना डोळ्यांदेखत उपाशी मरताना पाहवणार नाही, तेव्हा उद्या त्यांना रानात सोडून यावे. आई विरोध करते, रडते आणि अखेर कबूल होते. दोघे मुलांना रानात सोडून घरी येतात, आणि नेमके त्याच वेळी गावच्या उमरावाकडून चांदीची दहा नाणी घरपोच येतात. ही रक्कम उमराव ह्या कुटुंबाला फार दिवसांपासून देणे लागत होता. ती मिळेल ही आशा त्यांनी सोडून दिलेली होती. बायको बाजारातून दोघांना लागेल त्याच्या तिप्पट मांस आणते, पोटभर जेवण होते, आणि मग तिला मुले आठवतात. ती नवऱ्याला दोष देऊ लागते, तेव्हा गप्प बस, नाहीतर मार खाशील, अशी धमकी नवरा तिला देतो.

ह्या दहा नाण्यांपाशी वाचकाने थांबावयास हवे. ती आदल्या दिवशी आली असती तर मुले रानात गेलीच नसती. म्हणजे ह्या कथेतील मूळ अपराध थकविलेल्या देण्याचा आहे. पण कथेत त्या उमरावाला नाव नाही, चेहरा नाही, शिक्षा तर नाहीच. पुढे मुलांना गाठ पडते ती माणसे खाणाऱ्या राक्षसाशी. राक्षस फसतो, स्वतःच्याच सात मुलींचे गळे कापतो, त्याची संपत्ती सर्वांत धाकटा मुलगा घेऊन येतो आणि कुटुंब सुखी होते. वाचकाचा राग राक्षसावर खर्च होतो; उमराव सहीसलामत सुटतो. मुलांसाठी केलेल्या कित्येक संक्षिप्त आवृत्त्यांत तर ह्या उमरावाचा उल्लेखही गळालेला असतो. कथानकाला त्याची गरज नाही, हे संक्षेप करणाऱ्याचे म्हणणे तांत्रिकदृष्ट्या खरेच आहे.

पेरोला दुष्काळ कल्पनेने रचावा लागला नव्हता. ह्या पुस्तकाच्या तीनचार वर्षेच आधी, १६९३-९४ साली, चौदाव्या लुईच्या फ्रान्समध्ये भीषण दुष्काळ पडला होता. त्यात आणि त्यामागून आलेल्या रोगराईत सुमारे तेरा लाख माणसे दगावली असा इतिहासकारांचा अंदाज आहे. त्याच सुमारास राजाची युद्धे चालू होती आणि करवसुलीही चालूच होती. पेरो स्वतः अर्थमंत्री कोल्बेर ह्याच्या हाताखाली राजाच्या बांधकाम खात्यात अनेक वर्षे अधिकारी होता. देणी कशी थकतात आणि कोणाची थकतात, हे त्याला कोणी शिकवावयास नको होते. त्याने ते एका वाक्यात लिहिले आणि पुढे गेला. दरबारी लेखकाकडून ह्याहून अधिक अपेक्षा करणे अन्यायाचे होईल.

मराठवाड्यातील ऊसतोडणी कामगाराला ही कथा सांगितली तर तो दहा नाण्यांचा अर्थ लगेच ओळखील. त्याच्या बाबतीत मात्र हिशेब उलटा आहे. उमरावाकडे मजुराचे देणे थकलेले होते. इथे मुकादमाची उचल घेतल्यामुळे मजूरच हंगाम सुरू होण्यापूर्वी ऋणको झालेला असतो. दिवाळीच्या सुमारास गाड्या भरून माणसे कारखान्यांच्या फडावर जातात. मुले बरोबर गेली तर शाळा सुटते, गावी राहिली तर म्हाताऱ्या आजीआजोबांवर पडतात. हंगामी वसतिगृहांची योजना ह्याच मुलांसाठी काढण्यात आली. अशा घरातील एखाद्या मुलाची आबाळ झाली तर गाव म्हणते, आईबापांनी टाकले.

आता जर्मनीकडे वळू. याकोब आणि विल्हेल्म ह्या ग्रिम बंधूंच्या कथासंग्रहाचा पहिला खंड १८१२ साली निघाला. हॅन्सेल आणि ग्रेटेल ह्या भावंडांची गोष्ट त्यात आहे. तिथेही लाकूडतोड्या आहे, तिथेही अन्न संपते. फरक असा की मुलांना रानात सोडण्याची कल्पना इथे बायको मांडते आणि बाप कुरकुरत मान्य करतो. १८१२ च्या छापील पाठात ही बायको मुलांची सख्खी आई आहे. १८४० च्या आवृत्तीत ती सावत्र आई झाली. 'हिमगौरी' ह्या नावाने मराठी मुलांना परिचित असलेल्या कथेचेही तेच. १८१२ साली मुलीच्या रूपाचा मत्सर करणारी, तिला मारावयास निघालेली राणी ही तिची जन्मदाती होती. १८१९ च्या दुसऱ्या आवृत्तीत जन्मदाती बाळंतपणानंतर मरते आणि राजा दुसरी बायको करतो. कथेचे वय काही शतकांचे असेल, परंतु तिच्यातील सावत्रपणा पहिल्या छापील पाठानंतर सात वर्षांनी आलेला आहे.

हा फेरफार मुख्यतः विल्हेल्मच्या हातचा. पहिली आवृत्ती टीपा आणि पाठभेदांसह काढलेली, अभ्यासकांसाठी होती. ती फारशी खपली नाही. १८२५ साली निवडक पन्नास कथांची, चित्रे असलेली लहान आवृत्ती निघाली आणि पुस्तक मध्यमवर्गाच्या घरात शिरले. ज्या घरात शिरावयाचे त्या घराला रुचेल असे पुस्तक करणे आले. जर्मन शहरांतील नव्या मध्यमवर्गाने ह्याच काळात आईला देव्हाऱ्यात बसविले होते. पुरुषाने बाहेर कमवावे, स्त्रीने घर सांभाळावे, आणि आईचे प्रेम हे बाजाराच्या व्यवहारापासून मुक्त अशी एकमेव वस्तू मानावी, अशी ही व्यवस्था. भुकेपुढे आईसुद्धा मोडते ही गोष्ट त्या दिवाणखान्यात सांगता येण्यासारखी नव्हती. म्हणून आई पवित्र राहिली आणि तिचे पाप परक्या बाईच्या नावावर चढले.

येथे एका गोष्टीची नोंद केली पाहिजे. नंतरच्या पाठात देशात मोठी महागाई आली असे स्पष्ट शब्द आहेत. १८१२ च्या पाठात नुसते दारिद्र्य आहे, महागाई नाही. मधल्या काळात जर्मन प्रदेशांनी १८१६-१७ ची धान्यटंचाई भोगली होती. म्हणजे ग्रिम बंधूंनी एका हाताने आर्थिक कारण कथेत अधिक स्पष्ट केले आणि दुसऱ्या हाताने अपराधी बदलून त्या कारणाची धार काढून घेतली. महागाई आली हे वाचकाला कळते, पण दोष महागाईचा आहे असे त्याला वाटत नाही, कारण वाक्य संपण्यापूर्वीच सावत्र आई बोलू लागते.

ग्रिम बंधूंना ह्यावरून प्रतिगामी ठरविण्याची घाई करू नये. हानोव्हरच्या राजाने १८३७ साली राज्यघटना रद्द केली तेव्हा गटिंगेन विद्यापीठाच्या ज्या सात प्राध्यापकांनी लेखी निषेध केला त्यांत हे दोघे भाऊ होते. दोघांच्या नोकऱ्या गेल्या. याकोबला तर राज्यातून हद्दपार व्हावे लागले. आणीबाणीत प्राध्यापकवर्ग कसा वागला हे आठवणाऱ्यांना ह्या कृतीचे मोल समजेल. राजाचा अन्याय ओळखणाऱ्या माणसाला घरातील आणि बाजारातील अन्याय ओळखता येतोच असे नाही. समाजवादी चळवळीलाही हा अनुभव नवा नसावा.

सावत्र आई हे पात्र निव्वळ काल्पनिक होते असेही नव्हे. जुन्या युरोपात बाळंतपणात स्त्रिया मोठ्या संख्येने मरत. शेतकऱ्याला वा कारागिराला बायकोशिवाय घर चालविणे अशक्य, म्हणून तो लवकर पुन्हा लग्न करी. अमेरिकन इतिहासकार रॉबर्ट डार्नटन ह्याने १९८४ च्या आपल्या ग्रंथात जुन्या फ्रेंच खेड्यांच्या संदर्भात हे तपशिलाने मांडले आहे. घरात येणारी दुसरी स्त्री हीही त्या व्यवस्थेने आणून बसविलेली असे. जमिनीचा तुकडा एवढासा. पहिलीची मुले वारस. हिच्या मुलांना वाटा मिळेल की नाही ह्याची शाश्वती नाही. नवरा वारला तर हिचे काय, हे सावत्र मुलांच्या मर्जीवर. अशा स्थितीत एकाच भाकरीवर दोन पोरांचे पोट असेल तर दुसरीने पहिलीच्या पोराकडे प्रेमाने पाहावे ही अपेक्षा संतांकडून करावी. तिचा दुष्टपणा खरा असेल, पण त्याची पेरणी मालमत्तेच्या वाटणीने केलेली आहे.

मराठीतील श्रावणाच्या कहाण्यांत 'नावडती' असते. तिला उष्टे खावयास, जाडेभरडे नेसावयास आणि गुरांच्या गोठ्यात राहावयास मिळते. हा शब्द मोठा धूर्त आहे. नावडती, पण कोणाला? आवडनिवड करणारा, घर ज्याच्या मालकीचे आहे तो माणूस ह्या शब्दातून बेमालूम नाहीसा होतो, आणि नावडतेपण हा जणू त्या बाईच्याच अंगचा गुण ठरतो.

हाच नाहीसा होणारा माणूस सिंड्रेलाच्या घरात शोधावा. पुष्कळांची समजूत अशी की ती अनाथ होती. पेरोच्या कथेत तिचा बाप जिवंत आहे, फक्त तो बायकोच्या मुठीत आहे. ग्रिमच्या पाठात तर तो कथेत चांगला वावरतो. जत्रेला जाताना तिघींना काय आणू म्हणून विचारतो. आणि राजपुत्र बूट घेऊन दाराशी येतो व आणखी कोणी मुलगी आहे का असे विचारतो, तेव्हा हा गृहस्थ सांगतो की आणखी कोणी नाही, पहिल्या बायकोची एक खुरटलेली पोर तेवढी राखेत असते, ती नवरी होणे शक्य नाही. पोटच्या मुलीविषयी बापाचे हे उद्गार आहेत. शेवटी सावत्र बहिणींचे डोळे पक्षी टोचून काढतात. ही शिक्षाही १८१२ मध्ये नव्हती, १८१९ मध्ये आली. बापाला कोणत्याच आवृत्तीत शिक्षा नाही. १९५० साली डिस्नेने ह्या कथेवर चित्रपट काढला तेव्हा बापाला आरंभीच मारून टाकले. दोषमुक्तीची ह्याहून सोपी पद्धत नाही. घरधनी मेला, म्हणजे घरातील मुलीच्या बिनमजुरीच्या कामाची जबाबदारी पूर्णपणे बाईवर आली.

उलट दिशेने केलेले पुनर्कथनही पाहावे. हुम्परडिंक ह्या जर्मन संगीतकाराचा हॅन्सेल आणि ग्रेटेलवरील ऑपेरा १८९३ साली वायमारमध्ये रंगमंचावर आला. त्याची संहिता त्याच्या बहिणीने, आडेलहाइड वेट्टे हिने लिहिली. त्यात आई सख्खी आहे. दिवसभराच्या उपाशीपोटी चिडचिडीत दुधाचे भांडे फुटते आणि ती मुलांना रानात फळे वेचावयास पिटाळते. पुढे पश्चात्तापाने व्याकूळ होते. बाप झाडू विकून अन्न घेऊन येतो. येथे टाकून देण्याचा बेतच नाही. आईला माणूसपण परत मिळाले हे ह्या बाईचे श्रेय मोठे आहे. मात्र भूक हा इथे एका संध्याकाळचा अपघात आहे. झाडू खपले की ती मिटते.

बंद घरातील क्रौर्य बहुधा परक्याच्याच हातून होते, ही परीकथेची शिकवण वस्तुस्थितीला धरून आहे काय? भारत सरकारच्या महिला व बालविकास मंत्रालयाने २००७ साली बालकांच्या छळाविषयीचा एक मोठा अभ्यास प्रसिद्ध केला. तेरा राज्यांतील १२,४४७ मुलांशी त्यासाठी संवाद साधण्यात आला होता. दर तीन मुलांपैकी दोघांना मारहाण सोसावी लागत होती. आणि कुटुंबात मार खाणाऱ्या मुलांपैकी ८८.६ टक्क्यांना मारणारे त्यांचे आईवडीलच होते. स्वीडनने १९७९ साली मुलांना मारणे कायद्याने निषिद्ध केले, असे करणारा तो पहिला देश. ग्रिम बंधूंच्या जर्मनीत अहिंसक संगोपनाचा हक्क मुलांना कायद्याने मिळावयास २००० साल उजाडावे लागले. सावत्र आईच्या शोधात असलेल्या समाजाला सख्ख्या घराच्या दाराआड पाहावयास वेळ लागतो.

अलीकडच्या पुनर्कथनांची तऱ्हा निराळी आहे. ग्रेगरी मॅग्वायरने १९९५ च्या कादंबरीत ओझच्या दुष्ट चेटकिणीला नायिका केले. २०१४ च्या 'मॅलेफिसंट' ह्या चित्रपटात झोपी गेलेल्या राजकन्येला शाप देणारीच तिची खरी पालक ठरते, आणि राज्यलोभाने विश्वासघात करणारा राजा, म्हणजे मुलीचा सख्खा बाप, खलनायक होतो. २०१० च्या 'टँगल्ड'मधील गॉथेल ही पालक मुलीला साखळदंडाने बांधत नाही. बाहेरचे जग वाईट आहे, तू दुबळी आहेस, असे गोड बोलून तिला मनोऱ्यात ठेवते, कारण मुलीच्या केसांच्या जादूवर तिचे तारुण्य टिकून आहे. पालकत्वाच्या नावाखाली होणाऱ्या शोषणाचे इतके नेमके चित्र जुन्या कथांत सापडत नाही, हे मान्य करावे लागेल. दुष्ट पात्रालाही भूतकाळ असतो ही जाणीव स्वागतार्हच आहे. परंतु हा भूतकाळ नेहमी एका मनाला झालेल्या एका जखमेचा असतो. ब्रूनो बेटलहाइम ह्या मानसशास्त्रज्ञाने १९७६ च्या आपल्या गाजलेल्या पुस्तकात सावत्र आई म्हणजे मुलाने मनात वेगळी काढलेली, रागावलेली सख्खी आईच होय, असे प्रतिपादन केले. मुलाच्या मनाबद्दल ते बरोबर असेलही. भाकरीच्या किमतीबद्दल त्यात काही नाही.

रक्ताच्या नात्याला उघड आव्हान देणारे पुनर्कथन एका साम्यवादी नाटककाराने केले. बर्टोल्ट ब्रेख्तचे खडूच्या वर्तुळाचे नाटक १९४४ साली लिहिले गेले. विजया मेहता यांनी १९७० च्या दशकात रंगभूमीवर आणलेल्या चिं. त्र्यं. खानोलकरांच्या 'अजब न्याय वर्तुळाचा' ह्या रूपांतरामुळे ते मराठी प्रेक्षकांच्या परिचयाचे आहे. मूळ चिनी नाटकात वर्तुळातून मुलाला ओढताना हात सोडणारी स्त्री ही खरी आई असते. ब्रेख्तने हे उलटे केले. सुभेदाराची बायको पळून जाताना लुगड्यांच्या पेट्या सांभाळते आणि पोर विसरते. पुढे मिळकत वारसाच्या नावे आहे म्हणून मुलावर हक्क सांगते. स्वयंपाकघरातील मोलकरीण ग्रूशा मात्र त्याला डोंगर ओलांडून वाढविते. वर्तुळात हात सोडते ती ग्रूशा, आणि न्यायाधीश मूल तिला देतो. परीकथेतील सावत्र आईची ही दोनतीन शतकांनंतरची निर्दोष मुक्तता होय.

तरीही ह्या निकालावर एक आक्षेप नोंदविणे भाग आहे. ब्रेख्तने हेच तत्त्व जमिनीलाही लावले आहे: नाटकाच्या प्रस्तावनेत एका खोऱ्यावरून दोन सामूहिक शेतमंडळांचा वाद आहे, आणि ते खोरे जुन्या रहिवासी पशुपालकांऐवजी तिथे पाणी आणून फळबागा करणाऱ्यांना मिळते. १९४४ साली हे प्रागतिक वाटले असेल. कोयनेपासून सरदार सरोवरापर्यंत धरणग्रस्तांबरोबर काम केलेल्या कार्यकर्त्यांनी हाच युक्तिवाद सरकारी अधिकाऱ्यांच्या तोंडून ऐकलेला आहे. आणि मुलाच्या बाबतीत, अधिक चांगला सांभाळ कोण करील हे कोण ठरविणार? ब्रेख्तने न्यायासनावर आझदाक नावाचा एक लबाड पण गरिबांच्या बाजूचा माणूस बसविला, म्हणून निकाल बरोबर लागला.

ऑस्ट्रेलियात ते आसन सरकारकडे होते. साधारण १९१० ते १९७० ह्या काळात तेथील आदिवासींची मुले त्यांच्या भल्यासाठी म्हणून आईबापांपासून तोडून संस्थांत व गोऱ्या कुटुंबांत ठेवण्यात आली. १९९७ च्या चौकशी अहवालाप्रमाणे त्या काळातील दर दहा मुलांमागे किमान एक आणि कदाचित तीन मुले अशी नेली गेली. २००८ च्या फेब्रुवारीत पंतप्रधानांनी संसदेत त्याबद्दल क्षमा मागितली. पश्चिम ऑस्ट्रेलियाच्या १९०५ च्या कायद्यात ह्यासाठी एक अधिकारपद होते. त्याचे नाव मुख्य संरक्षक; आणि आईबाप हयात असतानाही सोळा वर्षांखालील प्रत्येक आदिवासी मुलाचा कायदेशीर पालक तोच असे.